फ्लॉपीतला मजकूर बाहेर काढताना

माझ्याकडे येणाऱ्या फ्लॉपी बहुतेक छापखान्यांच्या आणि डीटीपीवाल्यांच्या. त्यांच्यावर हात बसता बसता जे कळलं, ते असं:

१. फ्लॉपी आली की लगेच ड्राइव्हमध्ये सरकवू नका. पत्र्याची झडप बाजूला करून मागची धातूची चकती बोटाने फिरवा आणि आतली फिल्म उजेडात तिरकी धरून पाहा. ओल धरलेल्या कपाटातल्या फ्लॉपीवर पांढुरके ठिपके दिसतात. ती बुरशी. तशीच चालवली तर हेडला चिकटते आणि पुढची धडधाकट फ्लॉपीही खरवडून निघते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या.

२. कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. सव्वापाच इंचीचं उलटं, तिची खाच झाकायची.

३. ‘फॉरमॅट करायची का?’ असं विंडोज विचारील. नाही म्हणा.

४. एकेक फाइल कॉपी करत बसू नका, अख्ख्या फ्लॉपीची इमेज काढा. ८० ट्रॅक, दोन बाजू, ट्रॅकला १८ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट. झाली आपली ‘१.४४ एमबी’. डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम चांगले सेक्टर आधी गोळा करतो, अडलेल्यांकडे नंतर वळतो. तरी अडलं तर ड्राइव्ह बदला. प्रत्येक ड्राइव्हच्या हेडची जागा केसभर वेगळी असते, त्यामुळे एकाने नाकारलेलं दुसरा वाचतो.

५. मराठीची खरी कसोटी पुढेच. फाइल शाबूत मिळते, उघडते, आणि पडद्यावर नुसती रोमन अक्षरं नि चिन्हं! युनिकोडपूर्वी ‘क’ला कोणता क्रमांक द्यायचा हे श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांनी आपापलं ठरवलेलं. त्यामुळे फाँटचं नाव हाती लागल्याशिवाय गत्यंतर नाही. ते कधीकधी लेबलवर पेनाने लिहिलेलं असतं. लेबल फाडू नका, फोटो काढा. कन्व्हर्टर मिळाला तरी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार घसरतात, कारण जुन्या फाँटांत ती दिसतील त्या क्रमाने साठवलेली असत. छापील प्रत असेल तर तिच्याशी ताडून प्रूफ वाचाच.

६. सोनीने २०११मध्ये फ्लॉपीचा धंदा आवरला. चालू ड्राइव्ह दिसला की घेऊन ठेवा, आणि माळ्यावर दिवाळी अंकांच्या फ्लॉपी पडल्या असतील तर येत्या पावसाळ्याआधी खाली उतरवा.