टायर मोठे केलेत, आता क्राऊन-पिनियनचे काय?

मी मूळचा पुण्याचा, नोकरीमुळे डेन्व्हरला असतो. माझी जीप रँग्लर अनलिमिटेड सहारा २०१३ची आहे, ३.६ लिटर पेट्रोल, पाच गिअरची ऑटोमॅटिक. कंपनीचे २५५/७० आर १८ टायर काढून ३१५/७० आर १७ बसवले. ॲक्सलचा रेशो ३.२१ आहे. टायर बदलल्यापासून आय-७० महामार्गाच्या चढावर गाडी पाचव्या गिअरमध्ये टिकत नाही. चौथा, तिसरा, पुन्हा चौथा असेच चालू राहते. मोआबच्या खडकांत लो टाकला तरी उतारावर ब्रेक दाबूनच धरावा लागतो. टायरवाला ४.१० सुचवतो, मित्र ५.१३ म्हणतात. हिशेब कसा करायचा?
– एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : रेशो, टायरचे माप, गिअरबॉक्स आणि रस्ता, चारही गोष्टी तुम्ही कळवल्यात. यातली एक जरी राहिली, तर दिलेला सल्ला अंदाजपंचे ठरतो.

आधी आकड्याचा अर्थ पाहू. ४.८८ रेशोमध्ये क्राऊन व्हीलला ३९ आणि पिनियनला ८ दात असतात. प्रोपेलर शाफ्ट ४.८८ वेळा फिरला, की चाक एकदा फिरते. आकडा जितका मोठा, तितका चाकाला जोर जास्त आणि इंजिनाला फेरे जास्त. मोठा टायर नेमके याच्या उलट करतो. एका फेऱ्यात तो जास्त अंतर कापतो, म्हणून इंजिनाला त्याच वेगाला कमी फिरावे लागते आणि जमिनीवर पोचणारा जोर घटतो. शिवाय या मापाचा एकेक टायर २५ किलोच्या पुढे असतो आणि ते वजन अगदी परिघावर फिरते. प्रत्येक वेळी वेग घेताना आणि थांबताना ते जाणवते.

सगळीकडे सांगितले जाणारे सूत्र असे : जुना रेशो गुणिले नव्या टायरचा व्यास, भागिले जुन्या टायरचा व्यास. तुमचा जुना टायर ३२ इंची. नव्याला लोक पस्तीस इंची म्हणतात, पण मापावरून तो ३४.४ येतो. सूत्रात घातले तर उत्तर ३.४५. इथेच बरेच जण फसतात. हे सूत्र तुम्हाला फक्त मूळ गाडीइतका जोर परत देते, आणि तुमची मूळ गाडी हमरस्त्यावर पेट्रोल वाचवण्यासाठी जुळवलेली होती. डोंगरासाठी कंपनीने काय ठरवले होते ते पाहायचे, तर त्याच वर्षीची रुबिकॉन पाहा. इंजिन तेच, टायर ३२ इंची, आणि रेशो ४.१०. त्यावरून ३४.४ इंची टायरला ४.४१ हवा. म्हणजे ४.१० तुम्हाला कमी पडणार हे इथेच ठरते. त्याच्या वरचा मिळणारा रेशो ४.५६.

आता हमरस्ता. इंजिनाचे फेरे काढायचे असतील, तर वेग (ताशी किलोमीटर), ॲक्सलचा रेशो आणि गिअरचा रेशो यांचा गुणाकार करा, त्याला २०९ ने गुणा आणि टायरच्या व्यासाने (इंचांत) भागा. तुमच्या पाचव्या गिअरचा रेशो ०.८३ आहे. गाडीच्या वजनाखाली टायर थोडा दबतो, म्हणून व्यास ३४ धरू. ताशी १०५ किलोमीटरला ३.२१ वर इंजिन जेमतेम १,७०० फेरे घेते. ४.१० वर २,२००, ४.५६ वर साधारण २,४५०, ४.८८ वर २,६०० आणि ५.१३ वर २,७५०. तुमच्या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ४,८०० फेऱ्यांना येतो. १,७०० वर ते नुसते जागे असते. चढ लागला की गिअरबॉक्सला खाली उतरण्यावाचून इलाज नसतो. गिअरबॉक्स बिघडलेला नाही, तो त्याचे काम करतो आहे.

तुमच्या बाबतीत उंचीही धरायला हवी. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना ढोबळमानाने ३ टक्क्यांनी घटते. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, आणि आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंच. बोगद्याच्या तोंडाशी तुमच्या इंजिनाची जवळजवळ एकतृतीयांश ताकद हवेत विरलेली असते. रेशो बदलून ती परत येत नाही. पण उरलेली ताकद ज्या फेऱ्यांवर मिळते, तिथे इंजिनाला नेऊन ठेवता येते.

म्हणून माझे मत ४.८८. सपाट प्रदेशात राहणाऱ्याला, रोज दीडशे किलोमीटर कामावर जाणाऱ्याला, मी ४.५६ सांगितले असते. ५.१३ मात्र घालू नका. सहाराच्या पुढे डाना ३० ॲक्सल आहे. क्राऊनचा व्यास ठरलेला असल्यामुळे रेशो वाढला, की पिनियन लहान होत जातो. डाना ३० मुळातच छोटा, त्यात ५.१३ चा पिनियन आणखी बारीक. मोआबच्या खडकात चाक अडकून सुटताना जो धक्का बसतो, तो त्या आठ दातांवरच येतो.

उतारावर ब्रेक दाबावा लागतो, त्याचे कारणही आकड्यांत आहे. पहिला गिअर ३.५९, ट्रान्सफर केसचा लो २.७२ आणि ॲक्सल ३.२१ यांचा गुणाकार ३१ येतो. ४.८८ घातल्यावर तो ४७ च्या पुढे जाईल. मॅन्युअल रुबिकॉनमध्ये लो ४.० असतो, म्हणून तिथे हाच गुणाकार ७३ होतो. तिच्याइतकी तुमची गाडी रेंगाळणार नाही, पण फरक पहिल्याच उतारावर कळेल.

खर्चाचा अंदाज घेताना कॅरिअरबद्दल विचारा. क्राऊन व्हील ज्यावर बसते, त्या कॅरिअरचे माप रेशोप्रमाणे बदलते. जुन्या डाना ४४ मध्ये ३.७३ पर्यंत एक कॅरिअर, ३.९२ पासून दुसरा, असा ठरलेला हिशेब असे. ३.२१ वरून इतकी मोठी उडी घेताना निदान पुढचा कॅरिअर बदलावा लागेल. तो बदलायचाच असेल आणि लॉकर (ॲक्सलची दोन्ही चाके एकत्र जखडणारा डिफरन्शिअल) घालायचे मनात असेल, तर तेव्हाच घाला. मजुरी एकदाच पडते. काम झाल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला टायरचे माप आणि रेशो दोन्ही सांगायला विसरू नका. सध्या काटा १०० दाखवतो, तेव्हा तुम्ही १०७ ने जात असता.

माझ्याकडे जिप्सी किंग आहे. २०५/७० आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ टायर घातले. पावसाळ्यात गडांच्या वाटांवर आणि घाटमाथ्याच्या चिखलात जातो. वर्षभरात दोनदा क्लच प्लेट गेली. मिस्त्री म्हणतो, तुमची हाफ क्लचची सवय सोडा. पुढे ३१ इंची टायर घालायचा विचार आहे. क्राऊन-पिनियन कुठला घ्यावा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सवयीला दोष देण्याआधी आकडे पाहू. तुमचा मूळ टायर २६.३ इंची, आताचा २८.९ इंची. म्हणजे जवळजवळ १० टक्के वाढ. ८० अश्वशक्तीच्या १.३ लिटर इंजिनाला हे फार होते. चिखलात पहिल्या गिअरवरही गाडी हवी तितकी हळू चालत नाही, म्हणून पाय आपोआप क्लचवर जातो. तुमच्या जागी कुणीही हेच केले असते.

जिप्सीत मी क्राऊन-पिनियनला आधी हात लावत नाही. तिचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटा, मधे छोटा शाफ्ट घालून बसवलेला असतो. आणि इतर गाड्यांत हाय म्हणजे सरळ एकास एक असते, तसे इथे नाही. हाय १.४०९ आणि लो २.२६८, दोन्हींत रेशो आहे. त्यामुळे या एकाच खोक्यातले गिअर बदलले, की दोन्ही सुधारतात. हीच गाडी परदेशात सामुराई म्हणून विकली गेली आणि तिच्यासाठी ४.१६ लोचे गिअर प्रसिद्ध आहेत. त्यांनी हायही साधारण १२ टक्क्यांनी खाली येते. तुमचा टायर वाढला १० टक्के. रस्त्यावर जवळपास हिशेब चुकता होतो, आणि लो पहिल्यापेक्षा १.८३ पट जोरकस होते. पुढचे-मागचे दोन्ही हाउसिंग उघडण्यापेक्षा एक खोके उघडणे सोपे. मागवताना आपल्या ट्रान्सफर केसचा नमुना नीट कळवा, जुन्या जिप्सीचा वेगळा असतो.

मात्र दोन्ही उपायांत एक फरक आहे. क्राऊन-पिनियन बदलला, तर वाढीव जोर ॲक्सलमध्ये तयार होतो आणि प्रोपेलर शाफ्टवरचा ताण कमी होतो. ट्रान्सफर केसमध्ये रेशो वाढवला, तर तो जोर शाफ्ट, क्रॉस आणि पिनियन या सगळ्यांतून वाहतो. म्हणून ४.१६ घातल्यावर खडकात अडकलेल्या चाकावर ॲक्सिलरेटर तुडवायचा नाही. लो इतका जोरकस असतो, की पाय हलका ठेवला तरी गाडी चढते. हे एकदा अंगवळणी पडले, की क्लच प्लेट टिकेल.

३१ इंची टायर घालू नका असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ मापापेक्षा तो १८ टक्के मोठा होतो. ब्रेक तेच, स्टिअरिंग तेच, ॲक्सल शाफ्ट तेच राहतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही, हेही लक्षात असू द्या. अपघात झाल्यावर विमा कंपनी आधी हेच विचारते. जिप्सीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले आहे. चांगली गाडी हाती असेल, तर ती जपण्यासारखी आहे.

जुनी जीप घेतली. आधीच्या मालकाने मागचा ॲक्सल दुसऱ्या गाडीचा बसवला आहे असे कळले. फोर व्हील टाकून सरळ रस्त्यावर थोडे गेले, की गाडी आखडते आणि लिव्हर बाहेर निघत नाही. दोन्ही रेशो सारखे आहेत का, हे हाउसिंग न उघडता कसे ओळखावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तपासणी होईपर्यंत फोर व्हील अजिबात टाकू नका.

तपासायला लिमिटेड स्लिप किंवा लॉकर नसलेल्या ॲक्सलचे एकच चाक जॅकवर उचला. दुसरे जमिनीवर राहू द्या आणि बाकीच्या चाकांना दगड लावा. गिअर न्यूट्रल. जुन्या जीपचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर असतो, तोही सोडा. टायरवर आणि शाफ्टवर खडूने खूण करा. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि मदतनिसाला शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. एक चाक स्थिर असल्याने तुमच्या दोन फेऱ्यांत क्राऊन एकदाच फिरते, म्हणून शाफ्टचे फेरे हाच रेशो. पाच पूर्ण होऊन वर एकतृतीयांशाहून थोडे जास्त भरले तर ५.३८, पाचाला जरा कमी पडले तर ४.८८. पुढेही असेच करा.

समजा मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ निघाले. दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, पण मागचे चाक १० मीटर जाते तेवढ्यात पुढच्याला ११ मीटर जायचे असते. मातीत चाके घसरून हा फरक पचवतात. डांबरावर तो शाफ्टमध्ये पिळासारखा साठतो आणि शेवटी सर्वांत कमकुवत भाग तुटतो. लिव्हर निघत नाही ती या पिळामुळेच. गाडी थोडी मागे घेतली, की सुटेल. यावर उपाय एकच : दोन्हीकडे एकच रेशो.

नवा क्राऊन-पिनियन बसवून आठवडा झाला. ॲक्सिलरेटर दाबला, की हूंऽऽ असा आवाज येतो, सोडला की थांबतो. मिस्त्री म्हणतो, चालवत राहा, जाईल.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : जाणार नाही. काही वर्षांपूर्वी मलाही एका गॅरेजने हेच सांगितले होते. मी विश्वास ठेवला, आणि दोन हजार किलोमीटरनंतर झिजलेल्या दातांचा चुरा तेलात सापडला. ते काम परत करताना नवे क्राऊन-पिनियन, बेअरिंग, सगळेच घ्यावे लागले.

ओढताना आवाज येणे आणि सोडताना बंद होणे म्हणजे बहुधा दातांची गाठ योग्य जागी पडत नाही. हाउसिंग उघडून दातांना पिवळा रंग लावायला सांगा आणि क्राऊन फिरवून ठसा पाहा. ठसा दाताच्या मधोमध हवा. तो मुळाशी किंवा टोकाकडे सरकला असेल, तर पिनियनचे शिम बदलावे लागतील. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असावा, आणि तो डायल गेजनेच मोजायचा. हाताने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

जुळवणी दुरुस्त झाल्यावर पहिल्या दिवशी २५ किलोमीटर सावकाश चालवा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. असे दोन-तीनदा करा. पहिल्या ८०० किलोमीटरपर्यंत ओझे ओढू नका, चिखलात घालू नका. मग तेल बदला. काढलेले तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहा. चमचमती बारीक पूड दिसली तर ठीक आहे, तुकडे दिसले तर मला पुन्हा लिहा.