पुन्हा काढण्याआधी शोध

सोमवारपासून तू पुण्याच्या ऑफिसात रुजू होशील. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणेल, "अगं, मॉडेलमधली भिंत गेली." मावशीचं एवढं लक्षात ठेव, रेव्हिट या सॉफ्टवेअरमधली वस्तू अशी सहजासहजी जात नाही. ती असते, पण तू उघडलेला व्ह्यू ती दाखवत नसतो. त्यामुळे दिसत नाही म्हणून लगेच नवी काढायला घेऊ नकोस. जुनी सापडली की एकावर एक दोन भिंती उभ्या राहतात, विटांचं प्रमाण दुप्पट निघतं आणि चुकीचा आकडा थेट कोटेशनमध्ये जातो. जुनी पुसून नवी काढलीस तरी भागत नाही. नव्या भिंतीला नवा आयडी मिळतो, जुन्या भिंतीवर लावलेले टॅग आणि मापं निघून जातात आणि क्लॅश रिपोर्टमधला, म्हणजे एकमेकींना धडकणाऱ्या वस्तूंच्या यादीतला, तिचा इतिहास तुटतो. नागपूर मेट्रोसाठी महामेट्रोने फाइव्ह-डी बिम वापरलं, म्हणजे मॉडेलला वेळ आणि खर्चही जोडला. अशा कामात एक एलिमेंट बदललं की त्याला बांधलेली पुढची सगळी साखळी हलते.

म्हणून पहिला प्रश्न हा विचार, की ती एकाच व्ह्यूत दिसत नाही, की कुठेच नाही? थ्री-डी व्ह्यू उघडून बघ. तिथे असेल तर दोष प्लॅनच्या व्ह्यूचा आहे.

त्या व्ह्यूभोवती निळसर चौकट असेल तर कुणीतरी तात्पुरतं लपवलेलं आहे. कीबोर्डवर एचआर दाब, सगळं परत येतं. चौकट नसेल तर खालच्या पट्टीतला बल्ब दाब. त्या व्ह्यूत लपवलेल्या वस्तू गडद गुलाबी रंगात समोर येतात. हवी ती निवड आणि राइट क्लिक करून उघडी कर. बल्बनेही दिसली नाही, तर व्हीव्ही दाबून कॅटेगरीची टिक आणि फिल्टर बघ. तिथले पर्याय करडे दिसले तर त्या व्ह्यूला टेम्प्लेट लावलेलं आहे. ते बदललंस की ते टेम्प्लेट लावलेले सगळे व्ह्यू बदलतील, म्हणून आधी विचार आणि मगच हात लाव.

यानंतर व्ह्यू रेंज. नव्या मुलांचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा थांबून सांगते. प्लॅन म्हणजे इमारत एका उंचीवर आडवी कापून वरून बघणं. मेट्रिक टेम्प्लेटमध्ये हा काप सहसा मजल्यापासून 1200 मिलिमीटरवर असतो. तळाची मर्यादा मजल्याच्या पातळीवरच असते आणि व्ह्यूची खोली, म्हणजे व्ह्यू डेप्थही, तिथेच संपते. आता संडास-बाथरूमची सांडपाण्याची पाइपलाइन घे. ती स्लॅबखाली लटकलेली असते. त्या मजल्याच्या प्लॅनमध्ये ती दिसणारच नाही, कारण व्ह्यू डेप्थ मजल्यावरच थांबते. व्ह्यू डेप्थ खाली उतरवलीस की पाइप दिसायला लागतो. कुणी "पाइप काढलाच नाही" असं म्हटलं, तर वाद घालत बसू नकोस. सेक्शन काप आणि दाखव.

फेज हा दुसरा चकवा, विशेषतः जुन्या इमारतीच्या दुरुस्तीच्या कामात. प्रत्येक व्ह्यूला एक फेज, म्हणजे बांधकामाचा टप्पा, असते आणि त्या व्ह्यूत तू जे काढतेस ते त्याच फेजमध्ये जन्माला येतं. 'एक्झिस्टिंग' फेजच्या व्ह्यूत बसून नवी भिंत काढलीस, तर ती जुनी म्हणून नोंदली जाते आणि नव्या बांधकामाच्या यादीतून गळते. उलट, नव्या बांधकामाची भिंत 'एक्झिस्टिंग' व्ह्यूत दिसतच नाही. भिंत हरवल्यासारखी वाटली तर प्रॉपर्टीजमध्ये अगदी तळाशी जाऊन फेज आणि फेज फिल्टर वाच. तिथेच वर डिसिप्लिनही बघून घे. ते 'स्ट्रक्चरल' असेल तर भार न पेलणाऱ्या भिंती दिसत नाहीत.

कुठल्याच व्ह्यूत नसेल तर तिचा वर्कसेट, म्हणजे टीमने वाटून घेतलेल्या वस्तूंचा गट, बंद आहे का ते बघ. बंद वर्कसेटमधली वस्तू कुठेही दिसत नाही. तो उघडला की झालं.

आता नजरेने शोधणं सोड आणि नंबराने शोधायला शीक. प्रत्येक एलिमेंटला आयडी असतो. मॅनेज टॅबमध्ये 'सिलेक्ट बाय आयडी' आहे. तिथे नंबर टाक, एकापेक्षा जास्त असतील तर मध्ये अर्धविराम दे. आधी थ्री-डी व्ह्यू उघडा ठेव, नाहीतर रेव्हिट बंद असलेले व्ह्यू धुंडाळत बसतं आणि मोठ्या मॉडेलमध्ये त्याला फार वेळ लागतो. वस्तू निवडली गेली की लगेच बीएक्स दाब. तिच्याभोवती सेक्शन बॉक्स तयार होतो आणि बाकीची इमारत बाजूला होते. ही दोन पावलं हाताला सवयीची झाली की क्लॅश रिपोर्टची भीती राहणार नाही.

पण आयडी एका फाइलपुरताच असतो. 304 नंबरचा फ्लॅट दोन सोसायट्यांत असतो, तसाच तोच आयडी स्ट्रक्चरच्या आणि प्लंबिंगच्या फाइलमध्ये वेगवेगळ्या वस्तूंना असू शकतो. रिपोर्ट वाचताना नंबराआधी फाइलचं नाव वाच. बाहेरच्या टीमशी आयएफसीतून देवाणघेवाण असेल तर 22 अक्षरांचा ग्लोबल आयडी माग. तो फाइल ओलांडूनही ओळख टिकवतो. आणि 2024च्या आवृत्तीपासून आयडी 64 बिटांचे झाले आहेत. ऑफिसातली जुनी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीत अडली, तर ही गोष्ट आधी तपास.

नंबर माहीत नसेल तर शेड्यूल बनव. व्ह्यूत लपवलेल्या वस्तूही शेड्यूल मोजतं, म्हणून माझा त्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास आहे. दारांचं शेड्यूल लाव, मार्कनुसार क्रम लाव, मार्क रिकामा असलेली ओळ निवड आणि 'हायलाइट इन मॉडेल' दाब. खोल्यांच्या शेड्यूलमध्ये 'नॉट प्लेस्ड' लिहिलेल्या ओळी दिसल्या तर दचकू नकोस. प्लॅनमधून खोली पुसली तरी ती मॉडेलमध्ये राहते. नको असेल तर शेड्यूलमधूनच काढ. फक्त शेड्यूललाही स्वतःची फेज असते, हे विसरू नकोस.

काही वेळा वस्तू समोर दिसते, पण क्लिक लागत नाही. तेव्हा खाली उजव्या कोपऱ्यातली छोटी बटणं बघ. लिंक किंवा पिन केलेल्या वस्तू निवडणं कुणीतरी बंद केलेलं असतं. एकावर एक वस्तू असतील तर कर्सर वर ठेवून टॅब दाबत जा.

सेटिंग शोधताना लोक सगळे मेनू उघडून बसतात. तसं करू नकोस. स्वतःला एवढंच विचार, हा बदल कुणाकुणाला दिसणार? फक्त तुला दिसायचा असेल, म्हणजे कीबोर्ड शॉर्टकट, पडद्याचा रंग, सेव्हची आठवण, तर तो फाइल मेनूतल्या ऑप्शन्समध्ये आहे आणि तुझ्या कॉम्प्युटरवरच राहतो. प्रोजेक्टवरच्या सगळ्यांना दिसणार असेल, म्हणजे युनिट्स, ऑब्जेक्ट स्टाइल्स, लाइन वेट, तर तो मॅनेज टॅबमध्ये आहे आणि फाइलसोबत फिरतो. एका ड्रॉइंगपुरता असेल तर व्ह्यूच्या प्रॉपर्टीजमध्ये. एका ड्रॉइंगमध्ये रेष जाड दिसते म्हणून ऑब्जेक्ट स्टाइल्सला हात लावणं फार वाईट. पूर्ण टीमचे शीट त्याने बिघडतात, आणि कुणी बिघडवलं हे शोधण्यात दिवस जातो.

राहिल्या फाइली. रेव्हिटचा बराचसा पसारा लपलेल्या फोल्डरांत असतो, म्हणून विंडोजमध्ये लपलेले फोल्डर दाखवण्याची टिक आधी चालू कर. फॅमिली आणि टेम्प्लेट सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅमडेटामध्ये ऑटोडेस्कच्या फोल्डरात असतात. तुझे शॉर्टकट आणि रेव्हिटची आयएनआय फाइल ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये. मात्र प्रोजेक्टमध्ये लोड केलेली फॅमिली बाहेर शोधू नकोस, ती प्रोजेक्टच्या पोटातच असते. प्रोजेक्ट ब्राउझरमधून तिला बाहेर सेव्ह करता येतं.

फाइलच्या नावामागे .0001 दिसलं तर तो बॅकअप आहे. त्याच्यावर काम करू नकोस. उघड आणि वेगळ्या नावाने सेव्ह कर. टीमच्या सामाईक सेंट्रल फाइलशेजारचा बॅकअप फोल्डर रेव्हिटचा स्वतःचा आहे. त्याचं नाव बदलू नकोस, त्यातलं काही पुसू नकोस. तुझ्या कॉम्प्युटरवरची सेंट्रलची प्रत, म्हणजे लोकल फाइल, आधीपासून असताना रेव्हिट विचारतं की जुनीवर लिहू की वेळ जोडून नवी करू. कालचं काम सिंक झालं याची खात्री नसेल, तर वेळ जोडणारा पर्याय घे. क्लाउडवरच्या मॉडेलचं सिंक न झालेलं काम कोलॅबोरेशन कॅशमध्ये असतं. डिस्कवर जागा करायची म्हणून तो फोल्डर कुणी पुसायला सांगितला, तर आधी सगळं सिंक झालंय ना, ते विचार.

आणि जर्नल. ॲपडेटाच्या लोकल भागात जर्नल्स नावाचा फोल्डर आहे. त्यात रेव्हिट आपलं प्रत्येक सेशन साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवतं. कुठली फाइल कुठून उघडली, कुठली कमांड दिली, कुठे अडलं, सगळं त्यात असतं. मूळ सेटिंगप्रमाणे 10 पेक्षा जास्त जर्नल झाली की 10 दिवसांहून जुनी आपोआप पुसली जातात. म्हणून प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर त्याच दिवशी शेवटच्या जर्नलची प्रत वेगळ्या फोल्डरात काढून ठेव आणि तुमच्या बिम मॅनेजरच्या हातात दे.