ओटा की ओटला? : छायाचित्राखालच्या ओळीविषयी

बडोद्यातल्या मराठी घरांत वाढणारी बहुतेक मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत गुजराती किंवा इंग्रजी लिहितात. आजीशी हुज्जत घालताना जे शब्द सहज तोंडात येतात, ते कागदावर उतरवायचे म्हटले की हात अडतो. लिहिलेच तर शिरोरेघ राहून जाते, कारण गुजराती लिपीला ती नाही. अशा मुलांना मराठीत निबंध लिहा म्हणून सांगण्यात अर्थ नसतो. ती पुढच्या आठवड्यापासून येत नाहीत.

गेली काही वर्षे मी दांडिया बाजार, रावपुरा या भागातल्या बारा ते सोळा वयाच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत छायाचित्रण शिकवते आहे. प्रत्येक छायाचित्राखाली मराठीत एक ओळ लिहायची, आणि ज्यांचे छायाचित्र आहे त्यांना ती वाचून दाखवायची, एवढीच माझी अट असते. या अटीतून काय निघाले, ते इथे शिक्षकमित्रांसाठी मांडते आहे.

कल्पना माझी नव्हे. वेंडी इवाल्ड या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी १९७०च्या दशकात केंटकीच्या डोंगराळ भागातल्या मुलांच्या हाती साधे कॅमेरे दिले. स्वतः, कुटुंब, वस्ती आणि स्वप्ने असे विषय देऊन त्यांनी मुलांना छायाचित्रे काढायला आणि त्यांविषयी बोलायला, लिहायला लावले. पुढे गुजरातेतल्या एका खेड्यातही त्यांनी असे काम केले. आमच्या शहरालाही याची वेगळी परंपरा आहे. ललित कला शाखेत शिकवणाऱ्या ज्योती भट्ट यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून खेड्यापाड्यांतली भिंतीवरची चित्रे, रांगोळ्या आणि ती काढणारी माणसे कॅमेऱ्यात टिपून ठेवली. त्यांची छायाचित्रे मी मुलांना पहिल्याच आठवड्यात दाखवते. रांगोळीबरोबर ती काढणारा हात, मागची भिंत, दारातले मूल, सगळेच चित्रात येते. मुले फुलाचा फोटो काढताना आसपासचे सगळे कापून टाकतात, त्यावर हा चांगला उतारा आहे.

कॅमेरा म्हणजे घरातला फोनच. पहिले दोन तास तोही नसतो. पुठ्ठ्यात चौकट कापून तिच्यातून पाहायचे, पुढे व्हायचे, मागे सरायचे. नंतर उजेड. जुन्या वाड्यांमुळे हा धडा आम्हाला फुकट मिळतो. चौकातून येणारा उजेड ओसरीपर्यंत भरपूर असतो, माजघरात पोचेपर्यंत पाव होतो. फोनला हे पसंत नसते. तो अंधार आपणहून उजळतो आणि माजघरात भर दुपार झाल्यासारखी दिसते. म्हणून पडद्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढायला शिकवते. डोळ्यांना दिसला तितकाच अंधार चित्रात राहिला पाहिजे, एवढे समजले की निम्मे काम होते. चेहऱ्याच्या फार जवळ गेले की नाक मोठे दिसते, म्हणून माणसापासून दोन पावले लांब. बाकी सगळे मुलांना माझ्यापेक्षा लवकर येते.

खरी अडचण ओळ लिहिताना येते. एका मुलीने दारापाशी बसलेल्या आजीचे छायाचित्र काढले आणि खाली लिहिले, ‘आजी ओटल्यावर बसली आहे.’ वर्गातला एक मुलगा म्हणाला, ओटला गुजराती आहे, मराठीत ओटा. आजीला विचारले. त्या म्हणाल्या, “ओटा स्वयंपाकघरातला. हा ओटलाच. माझी सासूही ओटलाच म्हणायची.” कोशाकडे बोट दाखवून मला ती ओळ दुरुस्त करता आली असती, पण ती आजींच्या घरातली मराठी होती. शब्द राहिला. झोपाळा आणि हिंचका यांवर तर दोन घरांत जुंपली. दिंडी दरवाजा, कोनाडा, फडताळ, परसू हे शब्द मात्र मुलांना चित्र दाखवूनच कळले. आम्ही त्यांची एक वही ठेवली आहे. ज्याने शब्द दिला त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायचे, मग कंसात प्रमाण रूप. क्रम मुद्दाम तसा.

प्रदर्शनाची पहिली जागा वाड्याचा चौक, वेळ गणपतीतल्या संध्याकाळची. आरतीला सगळे जमतातच. कलादालनात चित्रे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावतात. आमचे निम्मे प्रेक्षक खुर्चीवर किंवा पायरीवर बसलेले, म्हणून दोरी खाली बांधतो आणि ओळी ठसठशीत अक्षरांत लिहितो. छपाईबद्दल एक सूचना करते, कारण यात पैसे वाया जातात. फोनचे चित्र साधारणपणे चारास तीन या प्रमाणात असते. बाजारात आठ बाय बारा इंचांची प्रत सांगितली की चित्राची कड कापली जाते, आणि नेमके कोणाचे तरी डोके किंवा पाय जातात. नऊ बाय बारा सांगावे. मूळ फाइल द्यावी. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखी पाठवलेली प्रत दबलेली असते.

चौकात प्रदर्शन लावण्याचे कारण मात्र सोयीचे नाही. एका मुलाने उतरत्या उन्हात फार देखणे छायाचित्र काढले होते. पोपडे सुटलेली भिंत, अर्धी उघडी खिडकी, वर निसटलेली कौले. खाली ओळ होती ‘पडका वाडा’. त्या खोलीत राहणाऱ्या काकू चष्मा लावून पुढे आल्या. “पडका कसा रे? मी राहते की इथं.” मुलगा गप्प झाला. चौकही. मग त्याने तिथेच काकूंशेजारी बसून पेनने ओळ बदलली: ‘काकूंची खोली, पश्चिमेची खिडकी.’ चित्र तेच होते, पण आता लोक खिडकी पाहू लागले. हाच फोटो दूरच्या दालनात लागला असता तर ‘पडका’ या शब्दाला कोणी हरकत घेतली नसती. वाडे विकण्याच्या, पाडण्याच्या गोष्टी घरोघरी चालू असताना तो शब्द भिंतीवर लावणे म्हणजे एक बाजू घेणे असते, हे त्या मुलाला मी कितीही व्याख्याने दिली असती तरी कळले नसते.

दुसऱ्या एका सूनबाईंनी स्वतःचे छायाचित्र काढून घ्यायला लावले. काढताना त्यांनी हो म्हटले होते, पण दोरीवर पाहिल्यावर नको वाटले. ते त्या वर्षीचे सर्वांत चांगले चित्र होते. लगेच उतरवले. काहींनी मला समजावले की मुलीच्या मेहनतीचे काय. माझे मत स्पष्ट आहे: काढायची परवानगी आणि टांगायची परवानगी वेगवेगळ्या असतात, आणि दुसरी केव्हाही परत घेता येते. कोलकात्याच्या सोनागाचीतल्या मुलांना छायाचित्रण शिकवण्यावरच्या माहितीपटाला २००५ साली ऑस्कर मिळाले, तेव्हाही वाद याच जागी होता: दाखवले कोणाला जाते, आणि दाखवल्यावर ते कोणाच्या हाती राहते.

मागच्या वर्षी शहरातल्या एका दालनाने आमची चित्रे मागितली, ओळी मात्र इंग्रजीत करून द्या म्हणाले. मुलांनी आपसांत ठरवले आणि कळवले की मराठी वर राहील, खाली गुजराती देऊ, इंग्रजी हवे असल्यास तिसरे. चर्चा अजून चालू आहे. दरम्यान प्रत्येक छायाचित्राची एक प्रत ज्याच्या त्याच्या घरी पोचवली आहे. काकूंनी त्यांची खिडकीशेजारी लावली आहे, आणि शब्दांच्या वहीत झोपाळा व हिंचका यांच्यामध्ये तूर्त एक तिरकी रेघ आहे.