यकृताची शस्त्रक्रिया : रक्त थांबते तेव्हा आणि परतते तेव्हा

घरातील कुणाच्या यकृतावर मोठी शस्त्रक्रिया होते. ती नीट पार पडली असे डॉक्टर सांगतात. दुसऱ्या दिवशी रक्ततपासणीचा कागद हाती येतो, तो एस.जी.ओ.टी. व एस.जी.पी.टी. हे आकडे नेहमीच्या मानापेक्षा कितीतरी पट वाढलेले! आप्तमंडळी घाबरून जातात. काही चूक तर झाली नाही ना, अशी शंका मनात येते. पुष्कळदा चूक झालेली नसते. यकृताचा रक्तप्रवाह काही काळ थांबवून पुन्हा सुरू करावा लागला, त्याची ती खूण असते. हा प्रकार काय आहे, याची थोडक्यात माहिती करून घेऊ.

यकृताचा दुहेरी रक्तपुरवठा

प्रौढ माणसाच्या यकृताचे वजन सुमारे दीड किलो भरते, आणि त्यातून दर मिनिटास सुमारे दीड लिटर रक्त वाहते. हे रक्त दोन वाटांनी येते. सुमारे तीनचतुर्थांश रक्त आतड्यांकडून अन्नरस घेऊन येणाऱ्या मोठ्या नीलेतून, आणि उरलेले रोहिणीतून. प्राणवायू मात्र दोन्हींकडून जवळजवळ निम्मा निम्मा मिळतो. इतक्या रक्ताने भरलेला अवयव कापायचा म्हणजे रक्तस्रावाचे भय आलेच.

ग्लासगोचे शस्त्रवैद्य जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी 1908 साली यावर एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. या दोन्ही वाहिन्या यकृतात शिरण्यापूर्वी एकाच पदरातून जातात. तो पदर बोटांच्या चिमटीत दाबला की रक्ताचा ओघ थांबतो. आज बोटांऐवजी फीत किंवा चिमटा वापरतात. पण युक्ती तीच, आणि नावही प्रिंगल यांचेच.

दोन घाव

रक्त थांबले की पहिला घाव बसतो. प्राणवायूवाचून पेशींची शक्ती निर्माण करण्याची भट्टी मंदावते. क्षार आतबाहेर करणारी यंत्रणा थकते, पेशीत पाणी शिरून ती फुगते, आम्ल साचते. एवढे सहज समजते. मग रक्त सोडले की सारे सुरळीत व्हावे, असे कुणालाही वाटेल. तसे होत नाही, आणि खरी मेख येथेच आहे.

फार दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम भरल्या ताटावर बसवू नये, आधी पेज द्यावी, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. यकृताचेही काहीसे तसेच आहे. प्राणवायूवाचून राहिलेल्या पेशींत अर्धवट जळलेले पदार्थ साचलेले असतात. प्राणवायू एकदम आला की त्यांतून अतिशय दाहक असे प्राणवायूचे कण तयार होतात आणि ते पेशींची आवरणे पोळून काढतात. यकृतात कुप्फर पेशी नावाचे पहारेकरी असतात. ते खवळून दाह वाढविणारी द्रव्ये सोडतात. काही तासांनी रक्तातील पांढऱ्या पेशीही तेथे जमतात. केसाएवढ्या रक्तवाटांची अस्तरे सुजून त्या अरुंद होतात. म्हणजे मोठी वाहिनी उघडी असूनही आतल्या कोपऱ्यांत रक्त पोचत नाही. जखमी पेशींतून गळालेले द्रव्य म्हणजेच तपासणीतले ते वाढलेले आकडे.

उपाय

पहिला उपाय घड्याळाचा. अनेक शस्त्रवैद्य 15 मिनिटे रक्त थांबवितात, 5 मिनिटे सोडतात, आणि हेच चक्र पुन्हा चालवितात. 1999 साली फ्रान्समध्ये झालेल्या तुलनेत सलग थांबविण्यापेक्षा ही रीत यकृताला अधिक मानवते, असे दिसले.

दुसरा उपाय विस्मयकारक आहे. 1986 साली अमेरिकेत मरी, जेनिंग्स व राइमर यांनी कुत्र्यांच्या हृदयावर प्रयोग केले. आधी थोडा थोडा वेळ रक्त थांबवून सोडले, तर पुढचा मोठा खंड हृदय अधिक चांगले सोसते, असे त्यांना आढळले. जणू तालीमच! पुढे माणसाच्या यकृतावरही 10 मिनिटे बंद, 10 मिनिटे सुरू अशी तालीम देऊन पाहण्यात आली व तिचा लाभ दिसला.

यकृतरोपणात दात्याचे यकृत कित्येक तास रक्तावाचून असते. तेथे थंडी कामी येते. बर्फात ठेवलेल्या यकृताची प्राणवायूची गरज फार कमी होते. अलीकडे यंत्राने प्राणवायुयुक्त द्रव यकृतातून खेळवितात. हृदय थांबल्यानंतर मिळालेल्या यकृतांवर युरोपात असा प्रयोग झाला. तो 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात पित्तनलिका आकसण्याचा त्रास 18 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आला.

कुटुंबाच्या हाती काय?

घड्याळ आणि यंत्र डॉक्टरांच्या हाती. पण यकृत कोणत्या स्थितीत शस्त्रक्रियेच्या मेजावर जाते, हे बरेचसे आपल्या हाती असते. चरबी साठलेले यकृत हे दोन्ही घाव फार कमी सोसते. म्हणूनच यकृताचा भाग देऊ इच्छिणाऱ्या आप्ताला डॉक्टर कधी कधी आधी वजन उतरवून या, असे सांगतात. त्यात अपमान मानू नये. मद्य घेत असल्यास, तसेच कोणतीही औषधे, काढे वा चूर्णे चालू असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये. संकोचापोटी लपविलेली गोष्ट रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

आणि पहिल्या दोन दिवसांच्या आकड्यांनी धीर सोडू नये. ते चढतात व सामान्यतः उतरू लागतात. डॉक्टर खरे लक्ष ठेवतात ते काविळीच्या प्रमाणावर आणि रक्त गोठण्याच्या वेळेवर, विशेषतः पाचव्या दिवसाच्या सुमारास. त्या दोहोंविषयी त्यांना निःसंकोच विचारावे. जाणून घेतलेले भय निम्मे होते, आणि रुग्णाजवळ बसणाऱ्याचे मन स्थिर असले म्हणजे रुग्णालाही त्याचा आधार वाटतो.