गायो डोंगराळातील कॉफीची बाग : मालकी कोणाची, तारण कशाचे?

कर्जाच्या अर्जासोबत शेतजमिनीचे कागद आले की आम्ही बँकवाले प्रथम हक्कनोंदीचा उतारा उघडतो. सातबारा, पहाणी, खतौनी, प्रांतागणिक नाव निराळे. प्रश्न मात्र तेच. जमीन कोणाच्या नावावर आहे, वडिलोपार्जित आहे की स्वकष्टार्जित, हिस्सेदार किती? ग्राहकाला हा भडिमार वाटतो आणि तो काहीसा नाराजही होतो. परंतु ‘वडिलोपार्जित’ आणि ‘स्वकष्टार्जित’ या दोन शब्दांतील अंतरामुळे एखाद्या समाजाची घडी कशी बदलते, हे पाहावयाचे असेल तर इंडोनेशियातील गायो लोकांचा अभ्यास उद्बोधक ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचाच परिचय करून घेऊ.

सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला आचे प्रांत आहे. त्याच्या मध्यभागी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर लाउत तावार हे विस्तीर्ण सरोवर असून त्याच्या काठी तकेंगोन हे शहर वसले आहे. भोवतालच्या डोंगरांवर गायो समाजाची वस्ती आहे. हे लोक मुस्लिम आहेत. मात्र त्यांची भाषा किनारपट्टीच्या आचेनी भाषेहून वेगळी आहे. मध्य आचे आणि २००३ साली त्यापासून वेगळा झालेला बेनेर मेरियाह, हे दोन जिल्हे अरेबिका कॉफीसाठी जगप्रसिद्ध आहेत. येथे मळेवाल्यांच्या मोठ्या इस्टेटी नाहीत. एका कुटुंबाची बाग बहुधा हेक्टरभराच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे शंभर गुंठे.

कॉफीचा इंडोनेशियातील प्रवास आपल्याच मलबार किनाऱ्यावरून सुरू झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनी तेथून रोपे जावा बेटावर नेली. गायो प्रदेशात मात्र डच फौजा १९०४ साली शिरल्या आणि त्यांच्या मागोमाग कॉफी आली. तोपर्यंत येथील संपत्ती म्हणजे भातखाचरे, म्हशी आणि राहते घर.

भाताची मालकी

गायो समाजाचा सखोल अभ्यास जॉन बोवेन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने केला आहे. तकेंगोनच्या दक्षिणेकडील इसाक या भाताच्या गावात त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून क्षेत्रकार्य केले. त्यांच्या लेखनातून जे चित्र उभे राहते, ते वारसाहक्काकडे पाहण्याच्या आपल्या सवयीला धक्का देणारे आहे.

भातखाचर हे कुळाशी आणि गावाशी बांधलेले असे. त्याचा वारसा कोणाला मिळणार, हे अपत्य मुलगा आहे की मुलगी यापेक्षा लग्नानंतर ते कोठे राहणार यावर अवलंबून असे. विवाहाचे दोन मुख्य प्रकार होते. ‘जुएलन’ विवाहात वधूमूल्य देऊन मुलगी पतीच्या गावी जाई. या शब्दाच्या मुळाशी ‘विकणे’ हा अर्थ आहे. अशा मुलीचा माहेरच्या खाचरावरील हक्क संपे. ‘अंगकाप’ विवाहात जावई मुलीच्या घरी येई, तिच्या गावचा होई, आणि मग खाचर मुलीकडे राही. म्हणजे राहणाऱ्याला जमीन आणि जाणाऱ्याला निरोप, असा हा न्याय. आपल्याकडील घरजावयाची येथे आठवण होते, पण ही तुलना फार ताणू नये. गायो समाजात तो मान्य विवाहप्रकारच होता आणि मुलगे नसलेल्या किंवा म्हातारपणी आधार हवा असलेल्या घरांची त्यावर भिस्त असे.

या व्यवस्थेत तर्क आहे. खाचर पाण्यावर चालते, पाणी गावाचे असते, आणि बाहेर गेलेल्याच्या नावे तुकडा ठेवला तर बांध कोणी घालायचा? मात्र त्यात स्त्रीचा हक्क तिच्या विवाहाच्या प्रकारावर ठरत होता, आणि तो प्रकार ती स्वतः क्वचितच निवडत असे.

कॉफी आली आणि हिशेब बदलला

कॉफीची बाग खाचरासारखी वारशाने मिळत नसे. ती तयार करावी लागे. डोंगरावरील रान तोडून जमीन मोकळी करावयाची, रोपे लावावयाची, त्यांना सावली म्हणून ‘लामतोरो’ लावावयाचा. हा लामतोरो म्हणजे आपला सुबाभूळच! पहिला बहर हाती येण्यास तीन वर्षे तरी जातात. तोवर ओळींमध्ये भाजीपाला व मिरची घेऊन घर चालवावे लागते. हे सर्व काम बहुधा एक तरुण जोडपे मूळ गावापासून दूर, बागेतल्या झोपडीत राहून करी. त्यामुळे ‘सासरी की माहेरी’ हा प्रश्नच मागे पडला. दोन्हीकडे ये-जा ठेवून जोडप्याने स्वतः ठिकाण निवडावयाचे, या तिसऱ्या प्रकाराला (‘कुसो-किनी’) त्यामुळे बळ मिळाले.

अशी बाग कुळाची कशी म्हणावयाची? ती दोघांच्या हातांनी उभी राहिलेली संपत्ती. इंडोनेशियाच्या १९७४ च्या विवाह कायद्याने नेमके हेच तत्त्व मांडले : विवाहकाळात मिळवलेली मालमत्ता पतिपत्नींची संयुक्त, आणि तिची विल्हेवाट दोघांच्या संमतीनेच. १९९१ च्या इस्लामी कायदासंहितेने पुढे असे ठरविले की, जोडीदार निवर्तल्यास संयुक्त मालमत्तेचा अर्धा भाग हयात जोडीदाराचा, आणि वारसावाटप फक्त उरलेल्या अर्ध्याचे.

याचा परिणाम आकड्यांतच पाहणे बरे. पती निवर्तला, मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी आहेत, पतीचे आईवडील हयात नाहीत, असे समजू. मालमत्तेचे ४८ भाग कल्पू. मालमत्ता पतीचे वडिलोपार्जित भातखाचर असेल तर इस्लामी वारसानियमाने पत्नीला एक अष्टमांश, म्हणजे ६ भाग. उरलेल्या ४२ पैकी मुलाला २८ आणि मुलीला १४. तीच मालमत्ता दोघांनी लावलेली कॉफीची बाग असेल तर प्रथम २४ भाग पत्नीचे स्वतःचे. राहिलेल्या २४ मध्ये तिचा एक अष्टमांश म्हणजे ३, मुलाचे १४, मुलीचे ७. पत्नीचे एकूण २७ भाग झाले. अर्ध्याहून अधिक! एकच स्त्री, एकच कुटुंब. फरक केवळ जमीन मिळाली कशी याचा. हिशेब झाल्यावर वारसांनी सामोपचाराने वेगळी वाटणी ठरविण्यासही ही संहिता मुभा देते, आणि भावंडे समान वाटेही करून घेऊ शकतात. वाद झालाच तर तो शरिया न्यायालयात, म्हणजे आचेमधील ‘महकामा शरिया’कडे जातो.

कागदाची बाजू

येथपर्यंत सारे छान वाटते. अडचण सुरू होते ती बागेचे तारण करावयाचे ठरते तेव्हा. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत जमीन कायद्याने ‘हाक मिलिक’ म्हणजे पूर्ण मालकीहक्क मान्य केला आणि त्याचे नोंदणीकृत प्रमाणपत्र हाच भक्कम पुरावा. परंतु रान तोडून लावलेल्या कित्येक बागांच्या मागे आहे ते फक्त गावप्रमुखाचे पत्र. गावप्रमुखाला येथे ‘रेजे’ म्हणतात. पत्रात लावणाऱ्याचे नाव आणि चतुःसीमा : पूर्वेस अमक्याची बाग, पश्चिमेस ओढा. २०१७ पासून सरकारने गावेच्या गावे एकदम मोजून प्रमाणपत्रे देण्याची मोहीम राबविली. ती स्वागतार्ह आहेच. तरी माझ्या मते खरा प्रश्न प्रमाणपत्रावर नावे किती, हा आहे. कायदा बाग संयुक्त मानतो, पण कागदावर एकट्या पतीचे नाव असल्यास पत्नीचे ते २४ भाग तिला वेळ आल्यावर सिद्ध करावे लागतात. सिद्ध करावा लागणारा हक्क आणि नोंदलेला हक्क यांतील अंतर बँकेत काम करणाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही.

कागद नसेल तर पैसा कोठून येतो? स्थानिक व्यापाऱ्याकडून. त्यास ‘तोके’ म्हणतात. तो हंगामाआधी उचल देतो आणि माल त्यालाच घालावयाचा असतो. येथील प्रक्रियेचाही त्यास हातभार लागतो. शेतकरी लाल फळे तोडून त्याच दिवशी साल काढतो, रात्रभर आंबवून धुतो आणि थोडे उन्हात टाकून ओलसर दाणाच विकून मोकळा होतो. पुढे टरफल ओले असतानाच काढले जाते आणि दाणा निर्यातीसाठी १२-१३ टक्के आर्द्रतेपर्यंत वाळविला जातो. सुमात्राच्या कॉफीला तिचा निळसर-हिरवा रंग आणि दाट चव येते ती याच पद्धतीमुळे. शेतकऱ्याला रोकड लवकर मिळते. परंतु वाळवणे, निवडणे आणि साठवणे यांतून वाढणारे मूल्य त्याच्या अंगणाबाहेर राहते.

जमीन ताब्यात देऊन पैसे उचलण्याची, म्हणजे कब्जेगहाणाची, प्रथाही इंडोनेशियात जुनी आहे. तिला ‘गदाई’ म्हणतात. याबाबत १९६० चा एक नियम आपल्या वाचकांना चकित करील. शेतजमीन सात वर्षे वा अधिक काळ गहाणदाराच्या ताब्यात राहिल्यास, उभे पीक निघाल्यावर महिन्याभरात ती कोणतीही रक्कम न घेता मालकास परत करावयाची. एवढ्या वर्षांच्या उत्पन्नातून मुद्दल व मोबदला दोन्ही वसूल झाले, हा त्यामागील विचार.

संस्थात्मक कर्जाचे स्वरूपही येथे आगळे आहे. आचे प्रांताच्या २०१८ च्या नियमानुसार तेथील सर्व वित्तसंस्थांनी शरियातत्त्वावर चालणे बंधनकारक झाले आणि २०२२ च्या आरंभापर्यंत व्याजावर चालणाऱ्या बँकांनी तेथून काढता पाय घेतला. आता बँक उदाहरणार्थ खत वा यंत्र स्वतः विकत घेते आणि ठरलेला नफा मिळवून हप्त्यांनी शेतकऱ्यास विकते. व्याज हा शब्द नसला तरी तारणाचा प्रश्न सुटत नाही. हप्ता थकला तर काय, हे तेथेही विचारावेच लागते.

मालमत्तेच्या दृष्टीने मला सर्वांत आशादायक वाटणारी घटना २०१४ ची आहे. त्या वर्षी बेनेर मेरियाहमध्ये ‘कोकोवागायो’ ही केवळ स्त्री कॉफी-उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली. तोडणी आणि निवड यांत स्त्रियांचे हात पूर्वीपासून होतेच. येथे सभासद म्हणून नाव त्यांचे लागले आणि न्याय्य व्यापाराच्या अधिमूल्याचा विनियोग कसा करावयाचा हे ठरविणाऱ्याही त्याच झाल्या. गायो अरेबिकाला इंडोनेशियात २०१० साली आणि युरोपीय संघात २०१७ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. तीही एक मालमत्ताच, नावाची. आणि ती कोणा एकाच्या मालकीची नाही.

या बागांनी पुष्कळ सोसले आहे. २००५ च्या हेलसिंकी करारापर्यंत चाललेल्या सशस्त्र संघर्षात अनेक कुटुंबे बागा सोडून गेली आणि परतली तेव्हा रान माजले होते. जुलै २०१३ च्या भूकंपात घरे कोसळली. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस चक्रीवादळाबरोबर आलेल्या अतिवृष्टीने आचेमध्ये पूर आणि दरडींचे थैमान मांडले. रस्ते आणि पूल तुटल्याने मध्य आचे व बेनेर मेरियाह हे दोन्ही जिल्हे बाहेरच्या जगापासून तुटले. तोही जागतिक बाजारात कॉफीला विक्रमी भाव मिळालेल्या वर्षात, ऐन तोडणीच्या दिवसांत. झाडे पुन्हा लावता येतात आणि तीन वर्षांनी फळतात. ज्या बागेच्या चतुःसीमेत पश्चिमेस ओढा लिहिला आहे, त्या बागेवर दरड येऊन ओढाच सरकला असेल, तर मोजणीची साखळी कोठे धरावयाची, हे आता रेजे आणि शेजारी मिळूनच ठरवतील. आणि त्या वेळी नोंदीत पत्नीचेही नाव लिहून घेण्यास कोणताही कायदा आड येत नाही.