खांद्यावरची केबल आणि छातीतला पेसमेकर

पेसमेकर हे हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणारे आणि ठोका वेळेवर पडला नाही तर सूक्ष्म विद्युत्स्पंद देऊन तो पाडणारे यंत्र असून, ते बहुधा डाव्या कॉलरबोनखाली कातडीच्या कप्प्यात बसवले जाते आणि त्याच्या तारा, ज्यांना ‘लीड’ म्हणतात, शिरेतून हृदयापर्यंत पोहोचवल्या जातात. हृदयातून या तारांवाटे यंत्राकडे येणारा संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. वेल्डिंगच्या केबलमधून मात्र शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि त्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्राने लीडमध्ये उठवलेला गोंगाट यंत्राने हृदयाचा ठोका समजला, तर हृदय आपणहून चालत आहे अशा समजुतीने ते स्पंद देण्याचे थांबते आणि यंत्रावर विसंबून असलेल्या माणसाला घेरी येते. आयसीडी, म्हणजे घातक लय आढळताच हृदयाला झटका देणारे यंत्र, हाच गोंगाट घातक लय समजून गरज नसताना झटका देऊ शकते.

कारागिरांची भीती सहसा आर्कच्या लखलखाटाला चिकटलेली असते, परंतु धोक्याचे खरे माप अंतर हे आहे. सरळ तारेभोवतीचे क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे १६० अँपिअर वाहणाऱ्या एकट्या केबलपासून ६० सेंटिमीटरवर ते सुमारे ०.०५ मिलिटेस्ला, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्राइतके राहते, तर तीन सेंटिमीटरवर ते १ मिलिटेस्लाच्या वर जाते. स्थिर चुंबक जवळ आल्यास यंत्राची चाल बदलण्याची शक्यता साधारण याच पातळीपासून धरली जाते. म्हणून हातभर दूर असलेल्या आर्कपेक्षा खांद्यावर टाकलेली केबल अधिक घातक ठरू शकते, आणि ही गोष्ट फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये फारशी कोणी सांगत नाही.

प्रस्तुत लेखकाला ती सोसून कळली. पेसमेकर बसवल्यानंतर तीन महिन्यांनी, डॉक्टरांना न विचारता, त्याने एका लोखंडी गेटचे काम हाती घेतले. वर्षानुवर्षांच्या सवयीने केबल डाव्या खांद्यावरून घेतलेली होती, अर्थिंगचा क्लॅम्प जॉबपासून दूर टेबलाच्या पायाला अडकवलेला होता आणि पट्ट्यांना एकामागून एक टॅक, म्हणजे क्षणभराचे तात्पुरते टाके, मारणे चालू होते. काही टॅकनंतर डोळ्यांपुढे अंधारी आली, होल्डर खाली पडला, आर्क तुटला आणि क्षणातच डोके ताळ्यावर आले. पुढे तपासणीत यंत्राच्या नोंदींमध्ये त्याच वेळेचा गोंगाट उमटलेला आढळला. चूक एक नव्हती, तीन होत्या. केबल यंत्राला भिडलेली होती. क्लॅम्प दूर असल्याने प्रवाहाचा मोठा फेरा तयार झाला होता आणि कारागीर त्या फेऱ्याच्या आत उभा होता. आणि झटपट मारलेल्या टॅकमुळे प्रवाह चालू-बंद होण्याचा ताल ठोक्यांच्या तालाजवळ गेला होता. यांतील तिसरी चूक सर्वांत कमी ओळखली जाते, कारण टॅकला कोणी वेल्डिंग मानतच नाही.

यंत्रनिर्माते साधारणपणे १६० अँपिअरपेक्षा जास्त प्रवाहाचे काम टाळण्यास आणि आर्क छातीपासून किमान ६० सेंटिमीटर दूर ठेवण्यास सांगतात. घरगुती गेट-ग्रीलच्या कामात बारा किंवा दहा नंबरचा रॉड बहुधा या मर्यादेत बसतो, पण आठ नंबरचा जाड रॉड सहज तिच्या पलीकडे जातो. स्पॉट वेल्डिंगमध्ये तर प्रवाह हजारो अँपिअरचा असल्याने त्यापासून दूरच राहावे. मशीन शरीरापासून दीड मीटर दूर असावे, क्लॅम्प जोडाच्या शक्य तितका जवळ लावावा, आणि दोन्ही केबल एकमेकींना पीळ देऊन जमिनीवरून न्याव्यात, कारण त्यांतील प्रवाह विरुद्ध दिशांचे असल्याने त्यांची क्षेत्रे बऱ्याच अंशी एकमेकांना मारतात. केबल खांद्यावर वा कमरेभोवती कधीही घेऊ नये. दोन टॅकमध्ये पाच ते दहा सेकंद थांबावे. घाईच्या कामात हे जिवावर येते, तरी यात सूट घेऊ नये. हातमोजे आणि बूट कोरडे असावेत, पावसाळ्यात गळक्या शेडखाली काम धरू नये आणि एकट्याने तर मुळीच करू नये. चक्कर, धडधड किंवा आयसीडीचा झटका जाणवताच होल्डर सोडून दूर व्हावे आणि सोबत्याने मेन स्विच बंद करावा.

हे सर्व नियम डॉक्टरांच्या परवानगीनंतरचे आहेत, तिच्याऐवजी नव्हेत, कारण प्रत्येक यंत्राची मांडणी आणि प्रत्येक रुग्णाचे त्यावरील अवलंबन वेगळे असते. रुग्णालयाच्या कागदावर व्यवसायाच्या रकान्यात बहुधा ‘कामगार’ एवढेच लिहिले जाते आणि त्यावरून डॉक्टरांना वेल्डिंगचा अंदाज येत नाही. म्हणून वेल्डरने कामाला परतण्याआधी मशीनच्या पाटीवरचे अँपिअर, रॉडचा नंबर आणि कामाची पद्धत कागदावर लिहून यंत्राच्या ओळखपत्रासह हृदयरोगतज्ज्ञांपुढे ठेवावी आणि ‘हे काम मी करू का’ असे स्पष्ट विचारावे.