राउंड संपल्यावर

बारावीतल्या मुलींचे, आणि त्याहून जास्त त्यांच्या आयांचे, मला फोन येतात. प्रश्न बहुधा एकच असतो: डॉक्टर व्हायला नाही जमलं, तर नर्सिंग चालेल का? मी सरकारी रुग्णालयातली परिचारिका. या प्रश्नातल्या ‘नाही जमलं तर’ने दर वेळी जीव तुटतो. म्हणून इतक्या वर्षांत जे उमगलं, ते लिहून ठेवते आहे.

१. ही एकाच जिन्याची खालची-वरची पायरी नव्हे. घरोघरी यादी ठरलेली असते: एमबीबीएस, नाहीतर बीडीएस, नाहीतर बीएएमएस, मग फिजिओ आणि सगळ्यात शेवटी नर्सिंग. माझ्याही मनात हीच यादी होती, वॉर्डात आल्यावर ती मोडली. सकाळी डॉक्टर राउंडला येतात, पेशंट तपासतात, औषधं आणि तपासण्या लिहून पुढच्या वॉर्डात जातात. त्यांना जावंच लागतं, तिथेही माणसं खोळंबलेली असतात. राउंड संपल्यावर जे सुरू होतं ते आमचं काम. आजार ओळखून उपाय ठरवणं हे एक शास्त्र आहे आणि आजारी माणसाला त्या उपायांतून सुखरूप पार नेणं हे दुसरं. हुशारी दोन्हीकडे सारखीच लागते, फक्त ती वेगळ्या ठिकाणी खर्च होते.

२. निर्णय नर्सलाही घ्यावे लागतात, हे मला बरंच उशिरा कळलं. नवी असताना वाटायचं, फाइलवर लिहिलंय तेवढं चोख केलं की झालं. आमच्या इनचार्ज सिस्टर म्हणायच्या, “मॉनिटर नंतर बघ गं, आधी पेशंटचं तोंड बघ.” संध्याकाळपर्यंत नातवाच्या गोष्टी सांगणारे आजोबा रात्री एकाएकी गप्प होतात. श्वास जरा भरभर चाललेला असतो, युरिन बॅग मघाशी होती तेवढीच भरलेली असते. बीपी अजून ठीक असतं. अशा वेळी पहाटे तीनला, नुकत्याच आडव्या झालेल्या रेसिडेंट डॉक्टरला उठवायचं की नाही, हे ठरवणारी वॉर्डात एकटी सिस्टर असते. पुष्कळदा पेशंटचं जगणं-मरणं तिथेच ठरतं. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये अतिरेकी शिरले, तेव्हा अंजली कुलथे या सिस्टरनी वॉर्डाची दारं लावून २० गरोदर बायकांना पॅन्ट्रीत हलवलं. त्यांतल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला जपत जपत लेबर रूमपर्यंत नेलं. कुणाच्या ऑर्डरची वाट बघण्याची ती वेळच नव्हती.

३. डॉक्टरकीचं ओझं मात्र बाहेरून दिसत नाही. माझी एक मैत्रीण तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नाही, बाई विशीतली, पहिलटकरीण. गर्भाशय काढायचं की अजून थोडं थांबून बघायचं, हे तिला मिनिटांत ठरवावं लागतं. सिस्टर, भूलतज्ज्ञ, मावशी सगळ्या तिच्यासाठी धावतात, पण शेवटचा शब्द तिचा. तो शब्द तिच्याबरोबर घरी जातो, जेवायला बसतो. माझी ड्यूटी संपली की मी पुढच्या सिस्टरला ओव्हर देऊन निघते. मैत्रिणीला ओव्हर द्यायला कुणी नाही. शिवाय वर्षांचा हिशेब आहेच. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, पुढे एमडी-एमएसची तीन आणि मधे नीट-पीजीच्या तयारीत जातील ती वेगळी. नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. माझ्या घरात पगार लवकर यायला हवा होता. या कारणाने करिअर निवडलं म्हणून मला कधी कमीपणा वाटला नाही, तुम्हालाही वाटू नये.

४. “तुला रक्त बघवेल का?” हा प्रश्न सगळे विचारतात. रक्ताची सवय पहिल्या वर्षातच होते. खरा प्रश्न असा, की एकाच पाळीत त्याच आजींची चादर तिसऱ्यांदा बदलताना तुमचा हात पहिल्यासारखाच हलका राहील का? आणि शरमेने तोंड फिरवलेल्या त्या आजींना तुम्हाला धीर देता येईल का?

५. जिथे बरं करणं संपतं, तिथेही काम उरतं, हे मला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या सिस्टरांनी शिकवलं. त्यांच्याबरोबर मी कधी काम केलेलं नाही. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली हल्ला झाला आणि २०१५ साली त्या गेल्या. मधली जवळपास ४२ वर्षं त्या अंथरुणात होत्या. ज्यांनी त्यांना कधी हिंडता-फिरताना पाहिलंही नव्हतं, अशा सिस्टरांच्या पुढच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर झाले नाहीत असं वाचलं की बाहेरचा माणूस हळहळून पुढे जातो, पण नर्स तिथेच थांबते. कारण त्यामागचं तिला दिसतं: दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, टाचा-कंबर तपासायची, पोटात पुरेसं जातंय का बघायचं, आणि हे दिवाळीतही, संपातही. अरुणा यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या सर्वांत जवळची माणसं म्हणून केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच मानलं. नर्सिंगला वैद्यकाची धाकटी बहीण म्हणणाऱ्यांना मी हे एवढंच सांगते.

६. पैसा आणि मान यांबद्दल गोड बोलून चालणार नाही. राज्य सरकारच्या सेवेत अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं, ते चांगलं आहे. पण लहान खासगी नर्सिंग होममध्ये त्याच्या निम्मंही हातावर पडत नाही आणि एकेका सिस्टरकडे झेपणार नाहीत एवढे पेशंट असतात. सरकारी जागा भरल्या जायची वाट पाहत मुली कंत्राटावर वर्षं काढतात. हे अन्यायाचं आहे आणि बदलायला हवं. मानाचं म्हणाल तर, शाळेत मी आनंदीबाई जोशींवर भाषण केलं होतं. त्या १८८६ साली डॉक्टर झाल्या, हे मला पाठ होतं. १८९१ साली मुंबईत परिचर्येच्या प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव मात्र थेट नर्सिंगच्या पुस्तकात भेटलं, तेही जेमतेम एका ओळीत. मुलींना डॉक्टर होण्याचं स्वप्न पडतं आणि नर्स होण्याचं पडत नाही, याचं एक कारण हेही असावं.

७. “आधी नर्स होते, मग त्यातूनच डॉक्टर होईन” असं मनात असेल, तर आपल्याकडे तशी वाट नाही. एमबीबीएसला जायचं तर नीट द्यायचीच आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची. नर्सिंगमध्ये पुढे पुष्कळ आहे: एमएस्सी, अध्यापन, अतिदक्षता विभागासाठीचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम, परदेशातल्या नोकऱ्या. पण उपचार ठरवण्याचीच ओढ असेल, तर या सगळ्याने ती भागत नाही. अशी ओढ असलेल्या मुलीला मी सरळ सांगते, आणखी एक वर्ष दे, पुन्हा परीक्षेला बस. सिस्टर मन मारून वॉर्डात आली, तर त्याचा त्रास तिला होतो आणि पेशंटलाही.

८. ठरत नसेल तर एक करा. नात्यातलं कुणी अ‍ॅडमिट असेल, तर रात्री सोबतीला तुम्ही थांबा. मोबाइल बाजूला ठेवा आणि सिस्टर आणि रेसिडेंट डॉक्टर, दोघांनाही सकाळपर्यंत बघा. दोघंही दमलेले दिसतील. त्यांतलं कोणतं दमणं आपल्याला चालेल, हे स्वतःला विचारा; शेजारच्या काकूंना नको. आणि महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी असते, तिचा फॉर्म नीटचा निकाल लागायच्या आधीच बंद होतो. तो भरून ठेवा.